फिरकीचे बादशहा पी. बाळू

क्रिकेट आपल्याला सर्वांना आवडते. पण पी. बाळू यांचे नाव किती जणांना माहीत आहे? त्यांचे पूर्ण नाव बाळू पालवणकर. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. वडील पलटणीत नोकरीला होते.

बाळू लहानपणी पुण्याला आले. घरची गरिबी होती, म्हणून शाळा सुटली. ते साहेब लोकांच्या क्लबात मैदान झाडायचे, रोलर फिरवायचे, जाळी बांधायचे. पगार महिना चार रुपये. तिथे ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकू लागले. डाव्या हाताने असा चेंडू वळवायचे की साहेब बघतच राहायचे.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. पण चहा मात्र त्यांना तंबूच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. चेंडू चालतो आणि कप चालत नाही, हे कसे?

पुण्यात प्लेग आला तेव्हा बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्या वेळी भारताचा कसोटी संघ नव्हता. मुंबईत इंग्रज, पारशी व हिंदू यांचे सामने होत. ते बघायला फार गर्दी जमे. १९०६ साली हिंदू संघाने इंग्रजांना १०९ धावांनी हरवले. बाळू व त्यांचे भाऊ शिवराम त्या संघात होते. पुढे १९०७ पासून तिरंगी व १९१२ पासून चौरंगी सामने झाले.

१९११ साली बाळू इंग्लंडला गेले आणि तिथे शंभराच्या वर बळी घेतले. डॉ. आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान वाटे.

एवढे करूनही त्यांना कप्तान केले नाही. कारण त्यांची जात. म्हणून १९२० साली शिवराम व विठ्ठल या भावांनी संघातून नावे काढून घेतली. मग बाळूंना उपकप्तान केले. शेवटी १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि संघ जिंकला.

१९५५ साली बाळू वारले. मित्रांनो, चेंडूला जात नसते. आपणही खेळताना कुणाला बाहेर ठेवायचे नाही आणि पाणी एकाच माठातले प्यायचे.

— इयत्ता चौथी