पक्षिमित्र डॉ. सलीम अली

माघ सरत आला की आपल्याकडील तलावांवर लगबग सुरू होते. थंडीभर मुक्काम केलेली चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही पाहुणी बदके परतीच्या प्रवासाला लागतात आणि उन्हाळा तापेपर्यंत बहुतेक तळी ओकीबोकी होतात. हे पक्षी जातात कोठे व दरवर्षी येतात कोठून? या प्रश्नाचा आपल्या देशात ज्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला, त्यांत डॉ. सलीम अली यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वडिलांचे व पाठोपाठ आईचे छत्र त्यांच्या अगदी लहानपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांचा सांभाळ केला.

दहाएक वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी खाणे धर्माला धरून आहे की नाही, अशी शंका येऊन त्यांनी ती मामांपुढे ठेवली. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. पण त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पक्ष्याची जात सांगितली आणि पक्ष्यांच्या संग्रहाची कपाटे उघडून दाखवली. त्या दिवसापासून मुलाला वाट सापडली.

ही वाट मात्र सोपी नव्हती. प्रकृतीच्या तक्रारींमुळे शाळेत खंड पडला. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. गणित जड जाई. कॉलेज अर्धवट सोडून ते कुटुंबाच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले. १९१७ साली परत आल्यावर प्राणिशास्त्राचा अभ्यास केला, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. रजा घेऊन ते बर्लिनला गेले व प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

दुसरा एखादा खचला असता. सलीम अली पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याची घरटी निरखीत बसले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले. १९३९ साली तहमिना निवर्तल्या. हे दुःख पचवून त्यांनी काम चालू ठेवले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकही पक्षी ओळखू लागला.

आता पाहुण्या बदकांकडे वळू. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ म्हणजे पूर्वी संस्थानिकांचे शिकारीचे ठिकाण. १९३८ साली व्हाइसरॉयच्या शिकारीत तेथे एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. याच पाण्यावर पुढे सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्षी मारण्याऐवजी जिवंत धरून, पायात कडे घालून सोडण्याचे काम झाले. १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने ही मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. बिहारातील मीरशिकार जमातीची कसबी माणसे पक्षी अलगद धरीत. कड्यावर क्रमांक व मुंबईच्या सोसायटीला कळवण्याची विनंती कोरलेली असे. दूर सोव्हिएत संघात एखादे कडे सापडले की त्या बदकाच्या प्रवासाचा पुरावा हाती येई. पाणथळ बुजवून शेती करावी अशी मागणी स्वातंत्र्यानंतर झाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत सलीम अली होते. भरतपूर १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. मात्र सायबेरियातून येणारे पांढरे क्रौंच २००२ नंतर तेथे आलेले नाहीत. प्रत्येक परतणाऱ्या थव्याची नोंद का ठेवायची, ते यावरून उमगते.

डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट, १९७६ सालचे पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे मानसन्मान त्यांना लाभले. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कार्याला दिली. २० जून १९८७ रोजी ते पैगंबरवासी झाले. गोव्यातील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य त्यांचे नाव सांगते.

विद्यार्थी मित्रांनो, जवळचे तळे, एक वही व पेन्सिल एवढ्यावर हे शास्त्र सुरू करता येते. कोणता पक्षी कधी आला, कधी गेला, ते तारखेसह लिहा. जे दिसले तेवढेच लिहा. आणि पालकहो, मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नसेल तर त्यात कमीपणा नाही. ज्याच्याजवळ ते आहे त्याच्याकडे मुलाला पाठवावे. मामांच्या त्या चिठ्ठीचे मोल एखाद्या पदवीहून कमी नव्हते.