अश्ववैद्य ग्रिफिथ इव्हान्स

मलकपेठेतील मुलांना घोड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी १८८६ साली शर्यती मौला अलीहून येथे आणल्या, तेव्हापासून टापांचा आवाज ह्या वस्तीच्या कानांवर आहे. मात्र धावणारा घोडाच आपण पाहतो. तबेल्यात आजारी पडलेला घोडा आपल्या दृष्टीस पडत नाही. सर्रा नावाच्या रोगात घोड्याला राहून राहून ताप येतो, दाणावैरण खाऊनही तो वाळत जातो, पायांवर व पोटाखाली सूज चढते आणि अखेरीस मागचे पाय लटपटू लागतात. पाय लटपटण्याचा विकार घोड्यांच्या हर्पिस विषाणूनेही होतो, आणि त्या विषाणूच्या जनुकात एका अक्षराचा फरक असलेला वाण मज्जारज्जूला विशेष घातक ठरतो, असे अलीकडे दिसून आले आहे. म्हणून पशुवैद्य केवळ लक्षणांवर विसंबत नाही. तो रक्त तपासतो. सर्‍याच्या बाबतीत ही वाट ग्रिफिथ इव्हान्स ह्यांनी दाखविली.

इव्हान्स ह्यांचा जन्म १८३५ साली वेल्समधील टाविन गावाजवळ झाला. लंडनमध्ये पशुवैद्यक शिकून ते तोफखान्यात अश्ववैद्य झाले. कॅनडात नेमणूक असताना त्यांनी नोकरी सांभाळून माणसांच्या वैद्यकाचाही अभ्यास केला व १८६४ मध्ये मॅकगिल विद्यापीठाची पदवी मिळविली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्ध पाहण्यास जाऊन त्यांनी अध्यक्ष लिंकन ह्यांची भेटही घेतली. जे पाहण्यासारखे असेल ते स्वतः जाऊन पाहावे, असा त्यांचा पिंडच होता.

१८७७ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट सर्‍याने मरू लागले, तेव्हा तपासासाठी त्यांना धाडण्यात आले. आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. रक्तपेशींच्या गर्दीत बारीक, सापासारखे वळवळणारे जीव त्यांना दिसले. तेच रक्त निरोगी जनावरांना टोचले, तर त्यांच्याही रक्तात ते जीव आढळले व ती आजारी पडली. इव्हान्स ह्यांचा निष्कर्ष सरळ होता : रोगाचे कारण हेच जीव.

परंतु तो मान्य कोण करणार? डॉ. टिमोथी लुईस हे त्या काळचे मोठे अधिकारी. त्यांनी पूर्वीच कलकत्त्यास उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते, आणि ते उंदीर तर धडधाकट होते! तेव्हा हे जीव निरुपद्रवी असावेत, असे वरिष्ठांना वाटले. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र उंदराला न बाधणारे घोड्यालाही बाधणार नाही, असे धरून चालण्यात चूक झाली. इव्हान्स ह्यांचा अहवाल बाजूला पडला.

पुढे १८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील ह्यांना ब्रह्मदेशातील खेचरांत तेच जीव सापडले व त्यांनी त्यांस इव्हान्स ह्यांचे नाव दिले. हेच स्टील १८८६ साली मुंबईस परळ येथे निघालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. त्यानंतर पुण्याच्या सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळेत लिंगार्ड ह्यांनी सर्‍याचा अभ्यास चालविला. चावऱ्या माश्या हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, हे रॉजर्स ह्यांनी १९०१ मध्ये दाखविले.

इव्हान्स १८९० मध्ये निवृत्त होऊन वेल्सला परतले आणि बँगर येथे पशुआरोग्यावर अनेक वर्षे व्याख्याने देत राहिले. १९१७ साली लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने त्यांना मेरी किंग्जली पदक दिले. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांच्या शोधास सदतीस वर्षे लोटली होती! वयाची शंभरी पुरी करून ७ डिसेंबर १९३५ रोजी ते निवर्तले.

सर्रा हा जनावरांचाच रोग, अशी समजूत पुढेही राहिली. २००४ साली आपल्या महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला. नागपूर येथे त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो त्यात इव्हान्स ह्यांच्या नावाचेच जीव वळवळत होते. माणसाच्या रक्तातील जे प्रथिन ह्या जीवांचा नाश करते, ते त्या शेतकऱ्याच्या रक्तात नव्हते. सुरामिन नावाचे औषध दिल्यावर तो बरा झाला.