डॉक्टर वॉर्ड यांची बाटली

टेरॅरियम माहितीये ना? काचेची बरणी, आत जरा माती, दोन-तीन फर्न, हिरवंगार शेवाळ आणि वरून झाकण. हॉस्टेलच्या टेबलापासून कॅफेच्या काउंटरपर्यंत सध्या कुठेही दिसतं. वाढदिवसाला गिफ्ट म्हणून येतं, वीकेंडला त्याची वर्कशॉप्स होतात. पण ही आयडिया ज्यांच्यामुळे जगभर गेली ते ना डिझायनर होते ना माळी. लंडनच्या गोदीजवळच्या वस्तीत ते पेशंट तपासायचे. नाव नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड. (हो, वॉर्ड हे आडनावच. डॉक्टरला शोभणारं!)

जन्म १७९१चा, लंडनमधला. वडीलही डॉक्टर. तेराव्या वर्षी हा मुलगा जहाजातून थेट जमैकाला गेला. खलाशी होण्याची हौस तिथपर्यंतच्या प्रवासात बरीचशी फिटली, पण तिथल्या झाडांनी मात्र त्याला कायमचं धरून ठेवलं. ताडामाडांची बनं, दगडादगडातून फुटलेले फर्न. आपण त्यांना नेचे म्हणतो. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या कातळावर बघितले असतील तुम्ही. परत आल्यावर मुलगा वडिलांसारखाच डॉक्टर झाला आणि वेलक्लोज स्क्वेअरमध्ये प्रॅक्टिस करू लागला. झाडांचा नाद मात्र सुटला नाही. भल्या पहाटे उठून शहराबाहेर झाडं शोधत फिरायचं, मग येऊन दवाखाना उघडायचा. पुढे त्यांच्याकडे वाळवलेल्या वनस्पतींचे हजारो नमुने जमले.

वाळलेली झाडं ठीक होती. जिवंत झाडं जगेनात, ही त्यांची खरी अडचण.

तेव्हाचं लंडन डोळ्यांसमोर आणा. घराघरात कोळशाच्या शेगड्या, आजूबाजूला कारखाने, वर सतत धुराचं छत. पानांवर काजळीचा थर बसायचा. वॉर्ड यांनी अंगणात दगडांची रास रचली, वरून पाणी ठिबकत राहील अशी सोय केली, शेवाळ आणि फर्न लावले. सगळं मेलं. परत लावलं, परत मेलं. शेवटी त्यांनी नाद सोडल्यात जमा होता.

मग १८२९ साल आलं. वॉर्ड यांना एका मोठ्या पतंगाचा कोष सापडला होता (पतंग म्हणजे दिव्यावर येतो तो किडा, मांज्यावाला नव्हे). त्यातून पतंग बाहेर येताना बघायचा होता, म्हणून त्यांनी तो ओलसर मातीत, रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ठेवला आणि झाकण लावलं. रोज बाटली बघायची सवय लागली. दिवसा मातीतून वाफ वर चढायची, काचेवर थेंब धरायचे आणि ओघळून पुन्हा मातीत जायचे. माती कोरडी पडतच नव्हती. पतंग बाहेर येण्याच्या आठवडाभर आधी त्या मातीतून दोन कोंब वर आले. एक गवताचा, दुसरा चक्क फर्नचा. अंगणात ज्याच्यासाठी इतका जीव काढला, तो फर्न इथे न बोलावता हजर!

ही गोष्ट नेहमी ‘योगायोगाने लागलेला शोध’ म्हणून सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. आपल्यापैकी किती जणांनी ते तण उपटून फेकलं असतं? पतंगाची वाट बघणाऱ्या माणसाला गवत दिसलं आणि दिसल्यावर प्रश्न पडला, की बाहेर मरतं ते आत का जगतंय? उत्तर सोपं होतं. आत ओलावा होता, उजेड होता आणि काजळी नव्हती. त्यांनी ती बाटली खिडकीबाहेर ठेवून दिली. पाण्याचा थेंबही न घालता दोन्ही झाडं जवळजवळ चार वर्षं जगली. मग वॉर्ड बाहेरगावी असताना गंजलेल्या झाकणातून पावसाचं पाणी आत गेलं आणि ती कुजली.

बरणीवाल्यांनो, हे लक्षात घ्या. घरचं टेरॅरियमसुद्धा तहानेनं मरण्यापेक्षा जास्त पाण्यानं मरतं. बरणीच्या तळाला भोक नसतं, त्यामुळे जादाचं पाणी जाणार कुठे? म्हणून तर खाली खडे आणि थोडा कोळसा घालतात. काच दिवसभर धुरकट राहिली आणि झाड दिसेनासं झालं, तर पाणी जास्त झालंय. थोडा वेळ झाकण काढून ठेवा. आणि थेट उन्हात तर नकोच. बंद काच उन्हात ठेवली की आत झाडाची भाजी होते. आणखी एक गोष्ट वॉर्ड स्वतः आवर्जून सांगायचे. पेटी अगदी हवाबंद नसते, फक्त नीट मिटलेली असते. हवा थोडी आत-बाहेर होत राहतेच.

बाटलीवरून ते पेटीवर आले. लाकडी चौकट, वर काचेचं उतरतं छप्पर. हॅकनीतल्या लॉडिजेस यांच्या नामांकित नर्सरीची साथ मिळाली आणि १८३३मध्ये फर्न आणि गवत भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला निघाल्या. तेव्हा समुद्रमार्गे झाडं नेणं म्हणजे जवळपास पैसे पाण्यात घालणं होतं. डेकवर ठेवली तर खारे तुषार, खाली ठेवली तर अंधार, आणि गोडं पाणी माणसांनाच पुरायचं नाही. लॉडिजेस यांच्या हिशेबाने वीसपैकी एकोणीस झाडं वाटेतच जायची. या पेट्यांतली मात्र हिरवीगार उतरली. परतीला त्यांत ऑस्ट्रेलियातली झाडं भरली. केप हॉर्नपाशी डेकवर बर्फ साचलं, विषुववृत्तावर पारा ४९ अंश सेल्सियसपर्यंत चढला. जवळपास आठ महिन्यांनी पेट्या लंडनला आल्या, तेव्हा त्यांत ब्रिटनमध्ये कधीच जिवंत न पोचलेला एक नाजूक फर्नही ताजातवाना होता. यानंतर लॉडिजेस यांचा हिशेबच उलटला. वीसपैकी एकोणीस जगू लागली.

१८३८मध्ये मायकल फॅरडे यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या पेटीवर व्याख्यान दिलं. १८४२मध्ये वॉर्ड यांचं पुस्तक आलं, १८५२मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. स्कॉटलंडमधल्या मॅकोनोची नावाच्या माणसाने अशीच पेटी आधी करून पाहिली होती, पण ती जगापुढे मांडली नव्हती. पेटंट वॉर्ड यांनीही घेतलं नाही.

त्यांना स्वतःला काय हवं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. रोज ज्यांना तपासायचे त्या लोकांच्या खिडकीत थोडं हिरवं असावं, ही त्यांची धडपड होती. रानात फुकट मिळणारे फर्न, साधी पेटी, खर्च जवळपास नाही. छातीच्या पेशंटना अशाच स्वच्छ हवेच्या काचेच्या खोलीत ठेवता येईल का, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. पण तेव्हा ब्रिटनमध्ये काचेवर कर होता; तो १८४५मध्ये उठला. पुढे काच स्वस्त झाली, पण पेटी आधी शिरली ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. फर्नचं असं वेड पसरलं, की हौशी लोकांनी रानंच्या रानं ओरबाडली.

आणि साम्राज्याला तर हवं तेच मिळालं. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपं याच पेट्यांतून हिमालयातल्या मळ्यांसाठी आणली. (टपरीवरचा आपला कडक चहा मात्र बहुतेक आसामच्या देशी झाडाचा.) आजीआजोबा ज्याला कोयनेल म्हणायचे, ते मलेरियाचं औषध सिंकोनाच्या सालीतून निघतं. क्लेमेंट्स मार्खमने दक्षिण अमेरिकेतून आणलेली सिंकोनाची रोपं १८६०मध्ये मुंबईमार्गे निलगिरीला गेली, पण वाटेतल्या उष्म्याने इतकी होरपळली होती की टिकली नाहीत. दुसरी खेप पुढच्या वर्षी आली आणि तगली. रबराची रोपं १८७६मध्ये लंडनच्या क्यू बागेतून श्रीलंकेला गेली, तीही अशीच. चहा, रबर, सिंकोना यांच्या मळ्यांवर कुणी राबायचं आणि पैसा कुणाकडे जायचा, हे पेटीने ठरवलं नव्हतं. पण पेटीशिवाय ते इतक्या झटपट झालंही नसतं. शिवाय मातीबरोबर कीड आणि रोगही देशोदेशी पोचले.

यातलं बरंचसं वॉर्ड यांच्या हयातीतलं. ते तोवर वेलक्लोज स्क्वेअर सोडून क्लॅपमला राहायला गेले होते. तिथे मोकळी हवा होती, बाग होती, तरी काचेच्या पेट्या होत्याच. ४ जून १८६८ला ते गेले. क्यू बागेत त्यांच्या नावाच्या पेट्या १९६२पर्यंत वापरात होत्या. नंतर विमानं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी त्यांची जागा घेतली.