निवृत्तीनंतर जिम की घरचा व्यायाम? औंधच्या राजाकडून घेण्यासारखे काही

निवृत्त झाल्यावर तुम्ही उत्साहाने जिम लावता. पहिला महिना एकही दिवस चुकत नाही. मग नातवाची शाळा, सोयाबीनची काढणी, नात्यातली लग्ने सुरू होतात आणि वर्षाची फी भरलेली असूनही जिमला जाणे थांबते. जालना जिल्ह्यात माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या अनेक ज्येष्ठांची हीच अडचण असते. म्हणून आज तुम्हाला एका राजाची ओळख करून द्यायची आहे.

उपकरणांकडून चटईकडे

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म 1868 सालचा. सातारा भागातील औंध या छोट्या संस्थानाचे ते राजे. तरुणपणी त्यांच्यावर युजेन सँडो या युरोपातील प्रसिद्ध बलवानाचा प्रभाव होता. सँडोची पुस्तके आणि उपकरणे आणून त्यांनी सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्यांची घरातली जिम होती. त्यानंतर, चाळिशीच्या सुमारास, मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले.

1909 मध्ये ते गादीवर आले. राज्यकारभार, चित्रकला, कीर्तन असा त्यांचा दिवस भरगच्च असे. सूर्यनमस्काराला साहित्य लागत नाही, दोन हात जागा पुरते आणि प्रवासातही खंड पडत नाही. त्यांनी घरच्या मंडळींना त्यात सामील केले, संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले आणि 1928 मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले.

1938 मध्ये त्यांनी वयाची सत्तरी गाठली. त्याच सुमारास त्यांनी राज्याची सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि 1939 मध्ये औंधला नवी राज्यघटना मिळाली. एका अर्थाने ही त्यांची निवृत्तीच. औंधचे प्रसिद्ध संग्रहालयही 1938 मधलेच. 1951 मध्ये, वयाच्या 82व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तुम्ही यातून काय घ्याल?

त्यांचे दीर्घायुष्य केवळ सूर्यनमस्कारांमुळे होते, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या पुस्तकात रोग बरे होण्याचे जे दावे आहेत, ते सगळे आजच्या वैद्यकशास्त्राला मान्य नाहीत. त्यामुळे व्यायाम सुरू केला म्हणून बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. घ्यायची ती एकच गोष्ट: दिवसाच्या कामांत बसेल असा व्यायाम निवडणे.

मग जिम सोडायची का? नाही. वयानुसार स्नायू कमी होतात. खुर्चीतून उठणे जड जाते, तोल जातो आणि एका पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते. हे टाळायला वजन उचलण्याचा, ओढण्याचा व्यायाम हवा. सूर्यनमस्कारात ओढण्याचे काम जवळजवळ नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. 65 वर्षांनंतर तोल सांभाळण्याचा व्यायामही तीन दिवस असावा. याची सोपी विभागणी अशी:

- दोन दिवस जिम, मधे किमान एक दिवस सोडून.
- आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग.
- उरलेल्या दिवशी झेपतील तेवढे सावकाश सूर्यनमस्कार, शिवाय भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे.
- लग्नकार्यात किंवा सुगीत जिम चुकली, तर घरी खुर्चीतून दहा वेळा उठबस. एक आठवडा बुडाला म्हणून वर्ष सोडू नका.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्यायाम सकाळी लवकरच उरका आणि पाणी सोबत ठेवा.

सुरू करण्यापूर्वी

हृदयविकार, अनियंत्रित बीपी, काचबिंदू, डोळ्याच्या पडद्याचा आजार, मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. डोके खाली जाणारी आसने आणि श्वास रोखून वजन उचलणे यांतल्या काहींना धोक्याचे ठरते. इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम करू नका, खिशात साखर ठेवा.

व्यायाम करताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, जास्त धाप, घाम किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. ॲसिडिटी समजून घरी बसू नका. 108 ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा.

भवानरावांनी घरच्यांना सोबत घेतले होते. तुम्हीही जोडीदाराला किंवा नातवंडांना सोबत घ्या. व्यायाम आणि घर यांत ओढाताण उरणार नाही.