आंद्रेआस ग्रुंटझिग: उघडलेली रक्तवाहिनी पुन्हा का अरुंद होते?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हार्टचा त्रास झाला की बहुतेक वेळा पेशंटला अकोला नाहीतर संभाजीनगरला हलवतात. तिथे स्टेंट टाकला की गावात निरोप येतो, ब्लॉकेज काढलं, आता काळजी नाही. पण ब्लॉकेज काढलेलं नसतं. ते रक्तवाहिनीच्या भिंतीत दाबून बसवलेलं असतं, आणि तीच जागा पुन्हा अरुंद होऊ शकते. ही भानगड स्टेंटच्याही आधीची आहे. ती नीट कळायची तर डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग या माणसाची गोष्ट माहीत हवी.

जन्म २५ जून १९३९, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. वडील दुसऱ्या महायुद्धात गेले. हायडेलबर्गला डॉक्टरकी शिकून ते १९६९ मध्ये झ्युरिकच्या विद्यापीठ हॉस्पिटलात आले. अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पायाची तुंबलेली रक्तवाहिनी बिनाऑपरेशन उघडली होती, एकापेक्षा एक जाड नळ्या आत सरकवून. पायाला ते चाललं, हृदयाच्या तीनेक मिलिमीटरच्या वाहिनीत कसं चालणार? ग्रुंटझिग यांच्या डोक्यात आलं, नळी बारीकच ठेवू आणि जागेवर गेल्यावर तिच्या टोकाचा फुगा फुगवू.

आता इथे खरं इंजिनिअरिंग आहे. साधा रबरी फुगा चालत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना ती कमजोर जागीच फुगते ना, तसंच इथे होतं. जिथे ब्लॉकेज आहे तिथे फुगा दबलेला राहतो आणि दोन्ही बाजूंना फुगतो. ठरलेल्या मापापर्यंतच फुगेल आणि तिथे कडक राहील असा फुगा हवा होता. एका निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापकांनी पीव्हीसी सुचवलं. मग ड्यूटी संपल्यावर घरच्या किचनमधल्या टेबलावर काम सुरू झालं. बायको मिखाएला, सहायक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा मदतीला. फेब्रुवारी १९७४ मध्ये हा फुगा पहिल्यांदा एका पेशंटच्या पायात वापरला. पुढे कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग झाले.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये ३८ वर्षांच्या पेशंटच्या हृदयात फुगा दोनदा फुगवला गेला. पेशंट जागा होता. ग्रुंटझिग स्वतःही तेव्हा ३८ चेच. तिथले हृदय-सर्जन ओके सेनिंग यांनी या कामाला पाठबळ दिलं, हे मला फार मोठं वाटतं, कारण नवी पद्धत त्यांच्याच बायपासला पर्याय होती.

मला ग्रुंटझिग आवडतात ते त्यांच्या १९७९ च्या शोधनिबंधामुळे. पहिले ५० पेशंट, त्यात यश ३२ जणांना, पाच जणांना तातडीने बायपास करावी लागली. हे त्यांनी स्वतःच छापलं. वर हेही लिहिलं की बायपासच्या पेशंटपैकी जेमतेम १० ते १५ टक्क्यांनाच ही पद्धत लागू पडेल. प्रॉडक्ट लाँच करताना इतकं खरं कोण सांगतं?

अँजिओप्लास्टी यशस्वी झालेल्यांची काही महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करायचा त्यांचा आग्रह असे. त्यातून दिसत गेलं की साधारण एक तृतीयांश जणांत सहा महिन्यांच्या आत जागा पुन्हा अरुंद होते. का? फुग्याने भिंत ताणली जाते, थोडी फाटतेही. फुगा काढल्यावर ती लवचिकपणामुळे थोडी मागे येते. शिवाय शरीराच्या लेखी ती जखमच, म्हणून ती भरायला स्नायूपेशी वाढतात. जखम गरजेपेक्षा जास्त भरली की वाट पुन्हा अडते.

१९८० मध्ये ते अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. २७ ऑक्टोबर १९८५ ला खराब हवामानात स्वतःचं छोटं विमान चालवत असताना जॉर्जिया राज्यात ते कोसळलं. ते आणि त्यांची दुसरी पत्नी, दोघंही गेले. वय अवघं ४६.

पाचच महिन्यांनी, मार्च १९८६ मध्ये, फ्रान्समध्ये माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसला. धातूच्या जाळीमुळे भिंत मागे येणं थांबलं, पण पेशी जाळीतूनही वाढायच्या. १९९४ च्या बेनेस्टेंट चाचणीत पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ३२ वरून २२ टक्क्यांवर आलं, शून्यावर नाही. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये सिरोलिमस हे पेशींची वाढ रोखणारं औषध लावलेला स्टेंट वापरला गेला आणि हा आकडा खूपच खाली आला. भारतात २०१७ मध्ये औषधवाल्या स्टेंटची किंमत कर सोडून २९,६०० रुपयांवर बांधली गेली.

पण एक बग फिक्स केला की दुसरा निघतो! औषधामुळे जाळीवर अस्तर धरायलाही वेळ लागतो, आणि उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. अरुंद होणं हळूहळू होतं, छातीत पुन्हा दुखू लागतं. गुठळी मात्र अचानक होते आणि थेट अटॅक येतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दोन गोळ्या देतात त्या यासाठी. किती महिने ते डॉक्टर पेशंटनुसार ठरवतात. आमच्याकडे मात्र दात काढायचाय किंवा आता बरं वाटतंय म्हणून लोक त्या परस्पर बंद करतात, आणि तेही पहिल्या काही महिन्यांत, धोका सगळ्यात जास्त असताना.

१९७७ च्या त्या पहिल्या पेशंटला स्टेंट नव्हताच. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, एमरीत त्याची पुन्हा अँजिओग्राफी झाली. ती जागा उघडीच होती.