खाशाबा जाधव यांचा गुडघा आणि लिगामेंटच्या ऑपरेशननंतर दुखणारी मांडी

गुडघ्याच्या लिगामेंटचे ऑपरेशन होऊन सात-आठ महिने झाले. गुडघा आता सटकत नाही, सूजही नाही. पण मांडीच्या मागे काही केल्या बरे वाटत नाही. पट काढायला वाकले की मागून ओढ बसते, पळताना झटका बसेल अशी भीती वाटते. कुस्ती, कबड्डी आणि फुटबॉल खेळणाऱ्या कोल्हापुरात ही तक्रार नवी नाही. तुमचीही हीच तक्रार असेल, तर आज एका पैलवानाचे आयुष्य तुमच्यासमोर ठेवतो. त्यांची कारकीर्द प्रतिस्पर्ध्याने नव्हे, गुडघ्याने थांबवली. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

गोळेश्वर ते कोल्हापूर

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण घेऊन पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिलेले हे शहर. खासबागेचे मैदान, पेठापेठांतल्या तालमी, पहाटेचे जोर आणि बैठका हे सगळे तुम्हाला सांगायला नको. खाशाबांची उंची बेताची आणि वजन कमी. ताकदीपेक्षा चपळाई आणि डाव यांवर त्यांचा भर असे. प्रतिस्पर्ध्याचे डोके कवेत धरून त्याला जमिनीवर फेकण्याचा ढाक हा त्यांचा हुकमी डाव मानला जाई.

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगतो. असे डाव पायावर वळून मारले जातात. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग वळलेले, अशा क्षणी गुडघ्यावर पीळ पडतो. हा पीळ रोखण्याचे मोठे काम गुडघ्याच्या आत असलेली एसीएल ही लिगामेंट करते. ती नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. तिला या कामात मदत करतात मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग. ते नडगीचे हाड मागे ओढून धरतात. हे नाते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

लंडन आणि हेलसिंकी

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने. तोवर त्यांची कुस्ती मातीतली होती. मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले.

पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ च्या निवडीत आपल्याला डावलले जात आहे असे वाटल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती जिंकून त्यांनी संघातली जागा मिळवली. मग प्रश्न आला पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची लांबलेली लढत झाली. पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे राहावे लागले. त्यांच्या बाजूने नियम दाखवून भांडायला तिथे भारतीय अधिकारी हजर नव्हता. शेवटी इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. कराड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवायला मदत केली.

गुडघ्याने दिलेला निकाल

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. पुढचे लक्ष्य होते १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक. वय तिशीचे, अनुभव दोन ऑलिंपिकचा. नेमक्या त्याच वेळी गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न हुकले. ऑलिंपिकची वाट तिथेच संपली.

सत्तर वर्षांनंतर कोणाच्या गुडघ्याचे निदान करत बसणे योग्य नाही. पण त्या काळात गुडघा दुखावलेल्या कोणाही पैलवानापुढे काय पर्याय होते, ते पाहा. एमआरआय नव्हता. दुर्बिणीने गुडघ्याच्या आत पाहण्याचे तंत्र जपानमध्ये डॉ. मासाकी वातानाबे नुकते घडवत होते. फाटलेली गादी बहुधा गुडघा उघडून पूर्ण काढून टाकली जाई. लिगामेंटसाठी प्लास्टर आणि सक्तीची विश्रांती. प्लास्टर निघेपर्यंत मांडी वाळून जाई. गुडघा फिरला म्हणजे पैलवान संपला, ही समजूत अशा अनुभवांतूनच रुजली.

आज काय बदलले

आज तुटलेल्या एसीएलच्या जागी दुर्बिणीतून नवी लिगामेंट बसवता येते. त्यासाठी अनेकदा तुमच्याच मांडीच्या आतल्या-मागच्या बाजूच्या एक किंवा दोन कंडरा घेतल्या जातात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. नडगीच्या वरच्या भागात आतल्या बाजूला लहानसा छेद घेऊन ती काढतात, दुमडून जाड करतात आणि गुडघ्यात बसवतात.

इथेच तुमच्या तक्रारीचे मूळ आहे. ऑपरेशन गुडघ्याचे झाले असे तुम्हाला वाटते, पण खरे तर दोन जागी काम झाले आहे. गुडघ्याला नवी दोरी मिळाली, ती मांडीने दिली. बहुतेक रुग्णांमध्ये काढलेली कंडरा काही महिन्यांत पुन्हा तयार होते. पण ती नेहमी पूर्वीच्याच जागी चिकटत नाही आणि काहींमध्ये नीट तयारही होत नाही. म्हणून गुडघा खूप वाकलेला असतानाची ताकद वर्षभरानंतरही थोडी कमी राहू शकते. पैलवानाला नेमकी तीच लागते.

दुखणे का रेंगाळते

- ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बूट काढताना किंवा पाय मागे ओढताना मांडीत टक्कन आवाज येतो, निळसर डाग पडतो. भरत आलेला भाग पुन्हा ताणला गेल्याची ही खूण असते.
- व्यायाम फक्त मांडीच्या पुढच्या स्नायूंचा होतो, मागचे स्नायू मागे पडतात.
- ताकद येण्याआधीच पळणे, झटके किंवा कुस्ती सुरू होते.
- घट्ट वाटते म्हणून रोज जोरात ताण दिला जातो. अनेकदा तो स्नायू आखूड नसतो, कमजोर असतो.
- कधी दुखण्याचे मूळ कमरेतल्या नसेत, गादीच्या मागच्या भागात किंवा नवी लिगामेंट अडकवणाऱ्या स्क्रूपाशी असते.

नडगीवर छेदाजवळ बधिरपणा जाणवणे सहसा आढळते. तिथल्या त्वचेच्या लहान नसेमुळे ते होते आणि बहुधा हळूहळू कमी होते.

तुम्ही काय करावे

पहिले काही आठवडे मांडीच्या मागच्या स्नायूवर जोर देऊ नका. किती आठवडे, ते तुमचे सर्जन सांगतील, कारण गादीही शिवली असेल तर हा काळ बदलतो. त्यानंतर टाच जमिनीवर हलके दाबणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, मग तेच एका पायावर, असा क्रम ठेवा. पुढे टाच नितंबाकडे ओढण्याचे व्यायाम वजन वाढवत करा. शेवटच्या टप्प्यात गुडघ्यावर बसून अंग हळूहळू पुढे सोडण्याचा नॉर्डिक व्यायाम येतो. तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरू करा.

बैठका मारता येतात म्हणजे मांडी तयार झाली, असे समजू नका. बैठकीत मुख्य काम पुढच्या स्नायूंचे असते. मागच्या स्नायूंची ताकद वेगळी मोजून घ्या. ऑपरेशन केलेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के झाली आणि ९ महिने पूर्ण झाले, तरच पूर्ण कुस्तीचा विचार करा. आधी डाव एकट्याने, मग हलका जोडीदार, मग खडाखडी, असे टप्पे वस्तादांना समजावून सांगा. ऑपरेशन केलेल्या मांडीची जोरकस मालीश टाळा, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत.

ऑपरेशन अजून व्हायचे असेल, तर कंडरा कुठून घेणार ते सर्जनना आधीच विचारा. वाटीखालची कंडरा घेतल्यास काहींना गुडघे टेकताना दुखते आणि पैलवानाला गुडघे सतत टेकावे लागतात. मांडीच्या मागची घेतल्यास वाकवण्याची ताकद थोडी घटते. प्रत्येक पर्यायाची काही किंमत आहे. तुमचा खेळ सांगा आणि मिळून ठरवा.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे

- पोटरी सुजून दुखू लागली. नसेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट तातडीच्या विभागात जा.
- ताप, जखमेतून स्राव किंवा गुडघा लाल आणि गरम होणे.
- गुडघा पुन्हा सटकणे किंवा अडकणे.
- कमरेपासून पायात मुंग्या येणे किंवा पाऊल उचलता न येणे.

शेवटपर्यंत कुस्तीचाच माणूस

गुडघ्याने ऑलिंपिकची वाट बंद केली, तरी खाशाबांनी कुस्ती सोडली नाही. पोलीस दलात त्यांनी क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केले आणि सहायक पोलीस आयुक्त पदावरून ते निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योत दौडीत ते सहभागी होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट १९९६ मध्ये, लिअँडर पेसच्या टेनिसमधून.

खाशाबांच्या काळात गुडघा गेला की वाट पाहण्याखेरीज फारसे काही हातात नसे. तुमच्या हातात बरेच आहे. लिगामेंट सर्जनने बसवली, पण तिची राखण करणारी मांडी तुम्हालाच घडवायची आहे. तक्रार रेंगाळली असेल तर ती सहन करत बसू नका. मांडीच्या मागची ताकद मोजून घ्या आणि त्यानुसार व्यायाम बदलून घ्या.