म्हैसूरच्या घोडेशर्यतींचे आश्रयदाते चामराजेंद्र वडियार
म्हैसूर : चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी आजही घोड्यांच्या शर्यती रंगतात. त्या भरविणाऱ्या म्हैसूर रेस क्लबची स्थापना १८९१ मध्ये, महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्या कारकिर्दीत झाली.

२२ फेब्रुवारी १८६३ रोजी जन्मलेल्या चामराजेंद्रांना तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी १८६५ मध्ये दत्तक घेतले. राज्यकारभार १८३१ पासून ब्रिटिशांच्या हाती होता. दत्तकविधान नामंजूर झाले असते, तर राज्य कायमचे खालसा होण्याची भीती होती. ती मान्यता १८६७ मध्ये मिळाली आणि २५ मार्च १८८१ रोजी अवघ्या अठरा वर्षांच्या चामराजेंद्रांकडे राज्याची सूत्रे आली. ब्रिटिश अंमलाची पन्नास वर्षे संपली. त्याच वर्षी त्यांनी प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली.

अश्वारोहणाची त्यांना विशेष आवड होती. शर्यतींना राजाश्रय देणाऱ्या या महाराजांनी १८९२ मध्ये म्हैसूरचे प्राणिसंग्रहालयही उभारले.

२८ डिसेंबर १८९४ रोजी कलकत्त्यात घटसर्पाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. वारस कृष्णराज केवळ दहा वर्षांचे असल्याने महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी १९०२ पर्यंत राज्याची धुरा वाहिली.